तांबडा कंस

होडीचा तळ सडलाय हे काशीरामशेटला ठाऊक होतं, तरी त्याने ती समुद्रात धाडलीच. तीन माणसं गेली. शेटचं धक्क्यावरचं बोलणं मासे विकणाऱ्या गोदाने आपल्या कानांनी ऐकलं होतं. पण बोलणार कोण, कपाळ? शेट मच्छीमार सोसायटीचा संचालक, आणि गोदाचा नवरा भिवा त्याच्याच दुसऱ्या होडीवर खलाशी. गोदाचं नाव फुटलं की भिवा घरी बसलाच म्हणून समजा.

"आत्ये, तू बिनघोर सांग," जनी म्हणाली. जनी सोसायटीत टायपिस्ट. गोदाच्या भावाची पोर, आई गेल्यावर गोदानेच वाढवलेली. चौकशीच्या जबान्या तीच लिहून घेई, तीच टाइप करी. "हे बघ, तुझ्या नावाला तांबड्या पेन्सिलीने कंस केला. कंसातलं टाइप करायचं नाही, तिथे नुसत्या फुल्या मारायच्या. चौकशीवाल्या सायबांचा हुकूमच आहे तसा."

गोदाला अक्षर येत नव्हतं. पण तांबडा रंग ओळखायला शाळा कशाला लागते? दोन्ही कंस तिने नीट बघून घेतले आणि मगच अंगठा उठवला.

महिन्याभराने अहवालाच्या सायक्लोस्टाईल प्रती वाटल्या गेल्या. भिवा भर दुपारी घरी आला.

"शेटने उतरवलं मला. बाकी सगळ्यांच्या फुल्या आहेत गोदे, तुझं तेवढं नाव छापलंय."

गोदा तशीच उठून सोसायटीत गेली. "माझा कागद काढ गो!"

जनीने काढला. मान काही वर केली नाही. "हे तुझं नाव. इथे कंसच नव्हता, आत्ये. तुला आपलं वाटलं असेल."

वाटलं असेल! गोदाने नावाच्या कडेने बोट फिरवलं. कागद तिथे खरबरीत लागला, खोडरबराने घासून घासून पातळ झालेला. आणि एवढं घासूनही दोन्ही बाजूंना गुलाबी डाग राहिलेच होते. तांबडी पेन्सिल मेली धड पुसली जात नाही.

गेल्याच आठवड्यात शेटने जनीला नोकरीत कायम केलं होतं. त्याची साखर गोदाने स्वतः वाडीतल्या घरोघरी वाटली होती.

"माझं नाव झाकायचं होतंस गो," गोदा म्हणाली. तिचा आवाज चढलाच नाही. "कंस कशाला पुसलास?"

जनीने मशीनमध्ये नवा कागद घातला.