विमानाचं नाक आपल्याकडे

"थोडं वर धर. छातीजवळ. आता हलू नकोस," गुणाजी म्हणाले.

मी विमान धरून उभी होते. आमची खोली दहा बाय बारा. त्यात कॉट, कपाट, माझं शिलाई मशीन आणि आता हे लढाऊ विमान. फोमचं. उचललं की वाटावं, खोक्यातलं सामान काढून घेऊन कुणी नुसतं खोकंच दिलंय. आमचे हे समोर कॉटवर, मांडीवर रिमोट. विमानाचं नाक त्यांच्याकडे, शेपूट माझ्या पोटाला टोचत होतं.

"रिमोटचा दांडा डावीकडे ढकलतो. पंखाची कुठली पट्टी वर जाते बघ."

पंखांच्या मागच्या कडेला दोन्हीकडे एकेक हलती पट्टी होती. कर्रकन आवाज झाला.

"डावी," मी म्हटलं.

"डावी खयली? उजवी गेली."

"माझी डावी."

"तुझी कशाला धरतेस? बघणाऱ्याची धर. डावं-उजवं बघणाऱ्याचं असतं."

तीस वर्षं लालबागमध्ये यांनी थर्माकोलची मखरं केली. गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगायचं, डावीकडचा मोर जरा मोठा करा. तो मोर जायचा देवाच्या उजव्या हाताला, पण देवाने कधी तक्रार केली नाही. मी आपली झिलेटीन चिकटवणारी. त्यामुळे डावं कुठलं हे माझ्या मताने ठरण्याचा प्रश्नच नव्हता.

सूचनांच्या कागदात लिहिलं होतं, दांडा डावीकडे की डावी पट्टी वर. यांना दिसत होती उजवी. म्हणजे कारखान्यातूनच उलटं जोडून आलंय, असं त्यांनी जाहीर केलं. रिमोटच्या तळाशी दिशा उलटवायचं एक बारीक बटण होतं. ते टाचणीने सरकवलं, पुन्हा दांडा ढकलला, आणि खूश होऊन म्हणाले, "आता बरोबर."

मला आता उजवी दिसत होती. मी विमान कपाटावर ठेवलं.

हे विमान घरात आलं त्याला यांचंच तोंड कारणीभूत. थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून हे एका कुरिअरच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी मारतात. गणपती मंडळाच्या देखाव्याचं काम गेलं, पण मंडळाच्या मिटिंगला जाणं काही गेलं नाही. यंदा देखावा वायुदलाचा. सेक्रेटरी विनीत म्हणाला, मोठा एलईडी पडदा लावू, त्यावर विमानं फिरवू. मागून हे म्हणाले, पडद्यावरचं विमान काय, प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवरही उडतं. मी खरं उडवून दाखवतो. सगळे हसले असणार. हे मला सांगत नाहीत, पण मला माहीत आहे. गेल्या वर्षी साधा स्वागताचा फलकसुद्धा यांच्याकडून काढून घेतला होता. अक्षरं थरथरल्यासारखी आली म्हणून.

विनीत मुलगा वाईट नाही. तो म्हणाला, "काका, एकदा उडवून दाखवा. उडलं तर अख्खा देखावा तुमचा. नाही उडलं तर पडदा."

विमानाचं खोकं आलं त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला काही कळेनासं झालं. कागद इंग्रजीत. मोबाईलने त्याचं मराठी केलं ते असं : 'पंखाला प्रेमाने दाबून शांत होऊ द्या.' आम्ही दोघांनी पंखाला प्रेमाने दाबलं. तो वाकडा बसला. मग सोडवला, पुन्हा बसवला. चिकटवायच्या कामात मात्र यांनी मला हात लावू दिला नाही. कुठला गोंद फोमला खातो आणि कुठला धरतो, हे यांना वासावरून कळतं. खोक्यातले स्टिकर यांनी केरात टाकले आणि हिरव्या-करड्या रंगाचे दोन हात स्वतः दिले. ब्रश धरताना उजवं मनगट डाव्या हाताने धरत होते. मी भाजी चिरता चिरता दुसरीकडे बघत होते.

रंगाने शेपूट जड झालं. पंखाखाली दोन खुणा असतात. त्यांवर बोटं टेकून विमान तोलून बघायचं, ते सपाट राहायला हवं. आमचं मागे झोपायचं. दोन दिवस हे त्याच्याकडे नुसते बघत बसले. "माका काय कळना नाय," म्हणाले. हे मालवणीत शिरले की समजावं, पार बुडाले. शेवटी वरळी कोळीवाड्यात जाऊन ओळखीच्या घरातून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घेऊन आले. चार मणी नाकात कोंबले, तेव्हा कुठे बाई सरळ झाली.

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. परवानगीचा कागद विनीतच्या खिशात. मैदानावर मंडळाची सहा-सात माणसं, हातात वडापाव. विनीतने विमान डोक्यावर धरून फेकलं.

आणि ते गेलं की हो वर. खरोखर गेलं. हातातला वडा तोंडाशी नेलेला माणूस तसाच थांबला. मग विमान जरासं डावीकडे कललं. यांनी उजवीकडे वळवलं. ते आणखी डावीकडे कललं. यांनी दांडा पार उजव्या टोकाला नेला, तसं ते कुशीवर वळलं, पाठीवर पडलं आणि नाकाने चिखलात गेलं.

चिखल होता म्हणून वाचलं. नाक चेपलं, एक पंख चिरला, फिरणारा पंखा तुटला. नवा पंखा लावला, चिरलेल्या पंखाला चिकटपट्टी मारली. पट्टी मारण्यात हे आता तरबेज आहेत. दुसऱ्यांदा फेकलं. तेच. उजवीकडे जा म्हटलं की डावीकडे. एखादा माणूस आपलं मुद्दाम ऐकत नाही, तसं.

कुणी म्हणालं वारा आहे. कुणी म्हणालं चायनीज माल आहे. विनीत जवळ आला, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू बोलला, पण मी शेजारीच होते.

"काका, राहू दे. विमानाचा दोष नाही. हात आता ऐकत नाहीत, एवढंच. वय होतं सगळ्यांचं."

हे म्हणाले, "होय रे. हातच."

विनीतने बाजूला जाऊन पडदेवाल्याला फोन लावला. पडदा घेतो, असा तिथल्या तिथे शब्दही दिला. माणसं पांगली.

आम्ही टॅक्सी केली. मी मागे बसले, मांडीवर विमान. सीटमध्ये आडवं मावेना म्हणून नाक ड्रायव्हरच्या पाठीकडे केलेलं, शेपूट माझ्याकडे. पंखा काढून पर्समध्ये ठेवला होता. हे बाजूला बसून रिमोटचा दांडा उगाच इकडे तिकडे करत होते, जपमाळ ओढावी तसे. बॅटरी काढायची राहिली होती. माझ्या हाताखाली पट्ट्या कर्रकर्र हलत होत्या.

सिग्नलला टॅक्सी थांबली. मी बघितलं, यांचा अंगठा डावीकडे आणि माझ्या उजव्या हाताखालची पट्टी वर. अंगठा उजवीकडे आणि डाव्या हाताखालची वर. मी बसले होते तिथेच विमानात बसलेला माणूस बसला असता. त्याचं तोंडही ड्रायव्हरकडेच असतं.

"अहो," मी म्हटलं, "यात बसणाऱ्याची डावी कुठली?"

"म्हणजे?"

"तुम्ही त्याला मखरासारखं समोरून बघितलंत. ते बरोबरच होतं, तुम्ही उलटं केलंत."

यांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. दांडा डावीकडे नेला. मग उजवीकडे. सिग्नल सुटला तरी करतच होते. मग ते बारीक बटण परत सरकवायला माझ्या केसांतली पिन मागितली.

टॅक्सी परत फिरवली. मी विनीतला फोन करणार होते, यांनी हात धरला. "नको. त्याने शब्द दिलाय माणसाला."

मैदानावर आता क्रिकेट चाललं होतं. पोट सुटलेली ऑफिसची माणसं, टेनिसचा चेंडू. हे कडेला उभे राहिले आणि ओव्हर संपल्यावर विचारलं, एक फेरी मारू का. विकेटकीपर म्हणाला, मारा काका, आम्हाला पण दम लागलाय.

दुसरी बॅटरी घातली, पंखा लावला. फेकायला मीच. हे माझ्यामागे दोन पावलांवर उभे राहिले. विमानाचं नाक आमच्यापासून दूर, मैदानाकडे.

मी फेकलं. ते खाली दबलं, सावरलं, वर गेलं. डावीकडे जरा कललं आणि मग, सांगितल्यासारखं, सरळ झालं. बॅट्समनच्या डोक्यावरून गेलं, जुन्या गिरणीच्या चिमणीच्या बाजूने वळलं. सगळे तोंड वर करून बघत होते. कुणीतरी शिट्टी मारली.

मी मागे वळून बघितलं. हे वर बघतच नव्हते. मान खाली घालून रिमोटवरच्या आपल्या दोन अंगठ्यांकडे बघत होते. अंगठे जरासुद्धा थरथरत नव्हते.

"अहो," मी म्हटलं, "वर बघा."