दोन खिडक्यांचा एक निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे; माणूस नव्हे, एक छोटा प्रोग्राम. जालन्याच्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेतल्या संगणकात माझी उमर गेली. खिडकीवरून प्रश्न आला की नोंदींच्या भांडाराकडे, म्हणजे डेटाबेसकडे धावायचं आणि उत्तर आणून द्यायचं, एवढंच माझं काम. माझ्यासोबत एक माहितीपत्रकही आलं होतं. त्यात लिहिलं होतं की याला एका वेळी एकाच धाग्याचं काम द्यावं. संगणकात एकदम चालणाऱ्या कामांपैकी प्रत्येकाला धागा म्हणतात. ते पत्रक कुणी उघडलंच नाही.

मी १९९७ साली आलो तेव्हा खिडकी एकच होती. प्रोग्राम लिहिणाऱ्या सत्यशीलाताई माझं भारी कौतुक करायच्या. मीही जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू? पुढे गर्दी वाढली. प्रयोगशाळेचे प्रमुख तातेराव साहेबांनी दुसरी खिडकी उघडायला सांगितलं. ताईंनी घाईघाईत दुसरा धागा सुरू केला आणि दोन्ही खिडक्यांना मलाच जुंपलं. तरी कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं.

मग एका दुपारी दोन्ही खिडक्यांचे प्रश्न अगदी एकाच क्षणी माझ्या हातात पडले. एक होता कुंभार पिंपळगावच्या दुर्गाबाईंच्या सरकीचा, दुसरा परतूरच्या बद्रीनाथ यांच्या सरकीचा. उत्तरं मी खरीच आणली, पण दिली भलत्याच्या हातात. दुर्गाबाईंच्या कागदावर उगवण छापली गेली अठ्ठेचाळीस टक्के. साहेबांनी सांगून टाकलं की हे बियाणं नापास, आता ते तेलाच्या गिरणीत जाईल.

संकरित बियाणं तयार करायला दुर्गाबाईंनी हंगामभर रोज सकाळी कपाशीच्या फुलाफुलाला हाताने पराग लावला होता. त्या रडल्या नाहीत. पिशवीतून ओलं गोणपाट काढून त्यांनी टेबलावर पसरलं.

"म्या घरी शंभर सरक्या भिजू घातल्या व्हत्या. नव्वद उगवल्यात. मोजा तुम्ही. तुमचं मशीन काय बोलून राह्यलं मंग?"

साहेबांनी कोंब मोजले, नव्वदच भरले. ताईंनी प्रयोगशाळेची वही आणली. तिच्यात दुर्गाबाईंच्या नावापुढे एक्याण्णव होते. बद्रीनाथ यांची पोती पास म्हणून ट्रकात चढत होती, ती लगेच उतरवली. मग ताईंनी दोन्ही खिडक्यांवरून पुन्हा पुन्हा एकदम प्रश्न विचारले. विसाव्या वेळी मी पुन्हा गोंधळलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी माझं पत्रक शोधलं, धूळ झटकून वाचलं आणि त्या दुर्गाबाईंना म्हणाल्या, "मावशी, याची चूक न्हाई. म्याच वाचलं नव्हतं."

त्याच दिवशी प्रत्येक खिडकीला वेगळा निरोप्या मिळाला. मला जोडीदार मिळाला आणि आमच्या हातून पुन्हा कधी अदलाबदल झाली नाही.

दुर्गाबाईंचं बियाणं पेरणीला गेलं. पुढच्या वर्षी त्या आल्या, तेव्हा ताईंनी हसत सांगितलं की आता बिलकुल काळजी करू नका. दुर्गाबाईही हसल्या, पण पिशवीतलं ओलं गोणपाट त्यांनी आधी टेबलावर पसरलं आणि मगच कागद मागितला.

आता माझा संगणक कपाटात बंद आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांकडून भरपूर काम घ्या. फक्त आमच्यासोबत आलेला कागद एकदा वाचा आणि दुर्गाबाईंसारखं घरी थोडं भिजवूनही बघा.