कुणासारखं हुतं?

"त्या लोखंडाला खिडकी दिलीया, आन् मला म्हातारीला फळीच्या टोकाला कोंबलंय. जावई हाय व्हय ह्यो?"

अंबूबाई पुटपुटली ती जुलेखाच्या अगदी कानाशी. दवाखान्याच्या जीपगाडीत मागं जागाच तेवढी. खिडकीशी ऑक्सिजनचं सिलिंडर दोरीनं जखडलेलं, आणि जुलेखाच्या मांडीवर कापसात गुंडाळलेला अंबूबाईचा नातू. दिवस भरायच्या आधीच, आज सकाळी जन्मलेला. दोन्ही कुशींना गरम पाण्यानं भरलेल्या सोड्याच्या बाटल्या, जुन्या पायमोज्यांत घातलेल्या.

"जावईच म्हणा मावशी," जुलेखा म्हणाली. "मान राखला त्याचा, तर कोल्हापूर गाठू."

पुढं ज्ञानू ड्रायव्हर खुदकन हसला. अंबूबाईनं पदर सावरला आणि सिलिंडरकडं जरा आदबीनं बघितलं.

जुलेखा पेठ वडगावची. नर्स म्हणून चंदगडला आली आणि अशी पोरं मांडीवर घेऊन कोल्हापूरला न्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. ज्ञानूनं गाडीचा एक कायदा केला होता. गाडीत 'गेलं' म्हणायचं नाही. म्हटलं की ते गाडीतच बसून राहतं, मग पुढच्या पोराला जागा पुरत नाही. ऐकून जुलेखा पहिल्यांदा हसली होती. पण कायदा सोयीचा निघाला. वाटेत काही होवो, तिनं श्वासाचा रबरी फुगा दाबत राहायचं, ज्ञानूनं हॉर्न वाजवत राहायचं, आणि काय ते कोल्हापुरातल्या डॉक्टरनं बोलायचं. मग माती तिथंच, कोल्हापुरात. एवढंसं गाठोडं घेऊन परत येणार कशानं? एस्टीत कंडक्टर घेत नाही, आणि दवाखान्याची गाडी तोवर दुसऱ्या कामाला लागलेली. आई बिचारी चंदगडात खाटेवर.

मागल्या सुगीत शालूबाईच्या पोराचं असंच झालं, माती कोल्हापुरातच. तेव्हापासून दर बाजारादिवशी शालूबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसते. भांडत नाही, रडत नाही. पाटी उतरवते, चार रताळी जुलेखाच्या हातावर ठेवते आणि विचारते, "शिस्टर, माझं कुणासारखं हुतं ओ?"

जुलेखाला सांगता येत नाही. तिनं सगळी वाट पोराची छाती बघितली होती, वर येते का, खाली जाते का. तोंड बघायचं राहूनच गेलं. एकदा तिनं ठोकून दिलं, "तुमच्यासारखं." पुढल्या बाजारी शालूबाईनं पुन्हा तेच विचारलं.

आता ज्ञानूनं दुसरा गेर टाकला की इंजिनाच्या घरघरीत तोच प्रश्न येतो. घरी स्टोव्ह पेटवला तरी येतो. कायदा पाळूनसुद्धा ते पोर गाडीत बसलंच होतं.

गडहिंग्लजच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला.

"ओ पावणं, बैलं बाजूला घ्या की! लेकरू हाय गाडीत!"

"घेतो की! बैलाला काय गेर हाय व्हय?"

त्या घोळातच जुलेखाच्या बोटांखालची छाती थांबली. तिनं फुगा दाबला, दोन बोटांनी छाती दाबली, पुन्हा फुगा. गाड्या हटल्या, जीप सुटली, तरी ती थांबली नाही. तळव्यावर टिचक्या मारून झाल्या. नळी लावून ऐकलं. पुन्हा सगळं केलं, पुन्हा ऐकलं. आत काही नव्हतं.

"हालतंय न्हवं?" अंबूबाईनं विचारलं.

"हालतंय," जुलेखा म्हणाली. गाडी हालत होती, म्हणून तेही हालत होतं.

अंबूबाईनं पुन्हा विचारलं नाही. फळीची, धुळीची तक्रारही थांबली. भलतंच काढून बसली, यंदा मोहर झडला, काजू काय धरत न्हाय. मग मधेच, बाहेर बघत, म्हणाली, "सूनबाई शुद्धीवर आली असंल आता. गुंगीत हुती तवा एकच घोकत हुती, तोंड दावा, तोंड दावा. म्या म्हटलं, कोल्हापुरास्नं आलं की बघ, पोटभर."

ज्ञानूनं आरशातून मागं बघितलं आणि मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवला.

जुलेखाचा हात फुगा दाबत होता. ज्याला दम नाही त्याला ती दम देत होती, कायदा म्हणून. सिलिंडर सुसू करत होतं. तिनं दुसऱ्या हातानं कापूस बाजूला सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा, मांडीवरच्या पोराचं तोंड बघितलं.

डाव्या कानाची पाळी आत दुमडलेली. हनुवटी टोकदार, अंबूबाईचीच. कपाळावर मधोमध केसांचं टोक खाली उतरलेलं. तसंच टोक सकाळी तिनं पुसलं होतं, घामानं चिकटलेलं, त्याच्या आईच्या कपाळावर.

चढ आला. ज्ञानूनं दुसरा गेर टाकला, आणि इंजिनानं विचारलंच. आज तिला सांगता आलं असतं. पण सांगण्यानं कुणाचं पोट भरलंय? शालूबाईचं तरी कुठं भरलं?

तिनं सिलिंडरची चावी फिरवली. सुसू थांबली.

"जावई गप का झाला?" अंबूबाई म्हणाली. तिचा हात आधीच कापसावर येऊन पडला होता.

ज्ञानूनं मान वळवली नाही. "शिस्टर," तो हळूच म्हणाला, "कोल्हापूर येऊ द्या की."

"नको, ज्ञानूमामा. गाडी चंदगडाला वळवा. त्याच्या आईला तोंड बघायचंय." जुलेखानं फुगा खाली ठेवला. "बाळ गेलं."