आहेराच्या शर्टाचं बिल

साखरपुड्यात शिवलीलाच्या सासरच्यांनी मला, म्हणजे तिच्या भावाला, मानाचा शर्ट दिला. छातीत बसेना. टॅग तसाच लोंबत होता. आहेराच्या कापडाचा टॅग कोण काढतं? म्हणून टॅगवर नाव होतं त्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात बदलायला गेलो. साल २००९.

आत पाऊल टाकलं आणि दारातलं यंत्र बोंबलायला लागलं. वॉचमननं पिशवी धरली.

"चोर माल घिऊन आत येतोय व्हय रं?" मी ओरडलो.

मॅनेजर आला. पुण्याचा असावा. टॅग यंत्रावर धरून त्यानं कॉम्प्युटर बघितला. "टॅगमध्ये चिप आहे. बिल झालं की ती बंद होते. हा शर्ट विकलेलाच नाही. रॅकवर आहे."

"रॅकवर? माझ्या हातात हाय की!"

"सिस्टीममध्ये रॅकवर आहे."

रॅक बघितला. तिथं शर्ट नव्हता. तरी कॉम्प्युटर खरा आणि मी खोटा!

"बिल दाखवा."

"आहेराचं बिल कोण मागतंय, पावणं?"

"मग ज्यांनी दिला त्यांना विचारा. नाहीतर पोलिसांना बोलावतो."

बिल करणारा चिप बंद करायला विसरला असेल? की खरंच व्याह्यांनी...? की त्यांनाही हा दुसऱ्या कुणाच्या आहेरात आलेला? लग्न आठ दिवसांवर. बिल मागायचं म्हणजे तोंडावर चोर म्हणायचं.

मुरगूडला फोन लावला. शिवलीलाची सासू अक्काताई बोलली, "काय संगमेश? शर्ट आवडला न्हवं?"

मॅनेजर कान लावून उभा.

"आवडला की, अक्का. सहज केलता फोन."

ठेवला. मॅनेजरनं कागद पुढं सरकवला: पैसे न देता नेलेला शर्ट परत केला. खाली सही केली. माझी. आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही मी, आणि त्या भिकारड्या कागदावर चोर झालो.

घरी शिवलीला दारातच. "बदललास?"

"बसमधी इसरला."

"मानाचा आहेर इसरलास? लाज हाय का? थांब, अक्कांना सांगते. दुकानाची पावती असंल त्यांच्याकडं, तसलाच दुसरा घिऊ."

तिनं फोन उचलला. मी झडप घालून तिचा हात धरला.

"ठिव तो फोन!"

"का?"

काय सांगू? मला तरी कुठं कळलं होतं.