चोकचे आटे

चोक काही केल्या फिरेना. वर्षालीनं पदराचं टोक हाताला गुंडाळून पुन्हा चावी लावली आणि जोर दिला. चावी घसरली, अंगठ्याला खरचटलं. मांडीवर सासऱ्यांची बारा बोरची बंदूक, शेजारी रॉकेलची वाटी, दात घासायचा जुना ब्रश आणि धोतराच्या चिंध्या. दुपारच्या बसनं सासरे, नत्थूजी, डोळ्याचं ऑपरेशन करून तळेगावला परत येणार होते, आणि त्याआधी तिला हे सगळं उरकायचं होतं.

चोक म्हणजे बंदुकीच्या तोंडात आट्यांवर बसवलेली बोटभर लांबीची नळी. तिच्यामुळे छरे लवकर पसरत नाहीत. नत्थूजींनी ही बंदूक आर्वीच्या एका व्यापाऱ्याकडून रीतसर घेतली होती. परदेशी बनावटीची, गावात अशी एकच. संत्र्याच्या बागेत नाहीतर हरभऱ्यात डुकरं शिरली की ते पहाटे जाऊन हवेत बार काढायचे. डुकरं पळायची. जीव त्यांनी कशाचाच घेतला नव्हता, पण त्यांच्या भरवशावर शेजारचे शेतकरी निवांत झोपायचे, आणि हे नत्थूजींना ठाऊक होतं.

शनिवारी ओसरीवर बसून ते चोक काढायचे, आटे घासून कोरडे करायचे आणि बोटाच्या टोकावर घेतलेला तेलाचा थेंब त्यावरून फिरवायचे. समोर वर्षाली शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत असायची. तेल तिच्याच मशीनचं. तेल जास्त झालं की कचरा धरतं, असं ते तिला सांगायचे. नळीत माती गेली असेल तर चुकूनही बार काढू नये, नळी फुटते, हात जातो, हेही त्यांनीच सांगितलेलं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ते कुणाला बोलले नाहीत. आटे जुळेनासे झाले तेव्हा त्यांनी चोक काढणं सोडलं आणि बंदूक नुसती वरून पुसू लागले. भादव्यात एकदा झाडताना वर्षालीला कोपऱ्यात उभ्या बंदुकीच्या तोंडातून कुंभारीण माशी निघताना दिसली. तिनं खराट्याची काडी आत घातली. काडीला ओली माती लागून आली. माशीनं चोकमध्ये घर बांधलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नत्थूजी शेतात जाणार होते.

ते देवळात गेल्यावर तिनं धीर करून चोक काढला, माती धुतली, आटे पुसले. तिचा नवरा अंकुश आर्वीच्या एसटी डेपोतून घरी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, बंदूक काढून घेतली तर बाबा खाटच धरतील. मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं बघतो. त्यांना तयार करायला त्याला दोन वर्षं लागली. तोवर नत्थूजी देवळाकडे निघाले की वर्षाली बंदूक हातात घ्यायची, बिजागरीतून वाकवून नळी रिकामी आहे हे आधी बघायची, मग चोक काढून साफ करायची आणि बंदूक होती तशी ठेवून द्यायची. सासऱ्यांच्या वस्तूला आपण त्यांच्या माघारी हात लावतो, याची टोचणी मात्र गेली नाही.

आज हे शेवटचं. पण दवाखान्यात जाण्याआधी नत्थूजींनी जिद्दीनं स्वतःच चोक काढून, तेल लावून परत बसवला होता. आता तो डाग दिल्यासारखा घट्ट बसला होता. वर्षालीनं नळीचं तोंड नाकाजवळ नेलं. जवसाचं तेल. फडताळात मशीनच्या आणि जवसाच्या तेलाच्या बाटल्या शेजारी-शेजारी असायच्या. जवस वाळलं की राळेसारखं धरतं.

तिनं मान वर केली तेव्हा नत्थूजी फाटकातून आत आले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, मागे पिशव्या घेतलेला अंकुश. आधाराशिवाय चालत ते थेट ओसरीपाशी आले.

"हे काय करून राह्यली?"

"चोक साफ करून राह्यली, मामाजी."

"कवापासून?"

वर्षालीनं मग काही लपवलं नाही. माशीचं घर, काडीला आलेली माती, देवळाच्या वेळा, सगळं सांगितलं. अंकुश दारातच थांबला होता. नत्थूजी पायरीवर टेकले आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"त्या पहाटीस मी गेलोच असतो," ते म्हणाले.

त्यांनी बंदूक मागून घेतली, नळीच्या तोंडाचा वास घेतला. "आन् हे जवस कोणं लावलं?"

"माह्या हातून चुकलं."

"तू रोज मशीनले तेल देतं. तुह्या हातून नाई चुकत." त्यांनी नळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मीच लावलं असंन."

वर्षालीला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर बोलणं टाकतील. त्यांनी फक्त गरम पाणी आणायला सांगितलं.

डॉक्टरांनी त्यांना जोर लावायची मनाई केली होती. म्हणून ते सांगत गेले आणि वर्षाली करत गेली. आट्यांत रॉकेल सोडलं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीच्या तोंडाभोवती गुंडाळलं, निवलं की पुन्हा भिजवलं. घाई नको, असं ते दोनदा म्हणाले. अंकुश चहा करून घेऊन आला. चहा झाल्यावर तिनं चावी लावली. आतून बारीक करकर आली आणि चोक फिरला.

तिनं तो ब्रशनं घासून, पुसून त्यांच्या तळहातावर ठेवला. नत्थूजींनी उजेडात धरून आटे पाहिले. कुठं गंज नव्हता, कुठं आटा झिजला नव्हता. त्यांनी तो तिला परत दिला.

"लाव तेल. आन् यापुढं लपून नको करू. इथंच बसून करजो."

डुकरांचं काय करायचं, असं अंकुशनं विचारलं. बंदुकीचा धक्का सध्या डोळ्याला चालणार नव्हता. यंदा फटाके फोडू, ते म्हणाले, आणि पुढचं पुढं.

वर्षालीला एकदम हसू आलं. खूप दिवसांनी इतकं मोकळं हसू. चोक बसवता बसवता तिनं वर पाहिलं तर नत्थूजी तिच्याकडेच बघत होते, गेली दोन वर्षं नुसत्या आवाजावरून ओळखलेल्या सुनेकडे.

"वर्षाली," ते हळूच म्हणाले, "तुह्या केसात पांढरं कधी आलं?"

तिनं मनगटानं कपाळावरची बट मागे सारली.

"झाले बरेच दिवस, मामाजी," ती म्हणाली.