दोन खुर्च्यांची बाल्कनी

रावेरकडे कोणाचंही लग्न असू द्या, जानोसा सांभाळायला भाईदास. वऱ्हाड कुठे उतरवायचं, बायांच्या खोल्या कोणत्या, माणसांच्या कोणत्या, नवरदेवाच्या मामाला पंख्याखाली जागा, दम लागणाऱ्या आत्याबाईला खालच्या मजल्यावर, सगळं त्याच्या डोक्यात. गाद्या उभं राहून टाकून घ्यायचा. किल्ल्या स्वतःच्या खिशात. लोक म्हणायचे, भाईदासभाऊ असला की जानोशात भांडण होत नाही. आणि खरंच व्हायचं नाही. ठिबक सिंचनाचं दुकान चांगलं चालतं याचं त्याला जेवढं कौतुक नव्हतं, तेवढं या गोष्टीचं होतं.

आणि तिथेच सगळं बिघडलं.

झालं असं, की ठिबकच्या कंपनीने डीलर लोकांसाठी स्कीम काढली. टार्गेट पूर्ण करा आणि नवरा-बायको दोघं मोठ्या जहाजावर फिरून या. मुंबईला बसायचं, दोन-तीन दिवस समुद्रात, गोव्याला टेकून परत. कंपनीचा माणूस गुळगुळीत कागदाचं पुस्तक देऊन गेला. भाईदासने ते काउंटरवरच ठेवलं. केळीवाले लोक पाइप घ्यायला यायचे आणि जहाजावरचा पोहायचा हौद बघून जायचे.

"चारी बाजूनं समुद्र, अन् वर पुन्हा हौद?" जीवराम म्हणाला. हे रोजचंच गिऱ्हाईक, घ्यायचं काही नसलं तरी येणारं. "हे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी पेल्यासारखं झालं."

सुनंदाबाईने ते पुस्तक एकदाच पाहिलं. घर दुकानाच्या वरच. ती नवऱ्याला जेवायला बोलवायला खाली आली होती. पानं उलटता उलटता एका फोटोवर थांबली. खोलीचा फोटो. काचेचं दार, दाराबाहेर एवढीशी बाल्कनी, बाल्कनीत दोन खुर्च्या, आणि समोर नुसतं पाणी.

"आपल्याले हीच खोली भेटीन का?"

"हीच. टार्गेट चांगलं झालं ना आपलं. बाल्कनीवालीच भेटते."

तिने फोटोवर बोट ठेवलं. "दोनच खुर्च्या हायेत."

"मग? किती पाह्यजे तुले?"

"दोनच पाह्यजे," ती म्हणाली आणि पुस्तक मिटलं. "चला, भाकर गार होते."

आता हे समजून घ्यायचं तर तिचं घर माहीत पाहिजे. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू-सासरे, दीर, नणंदा, एक चुलतसासरे. मग पोरं. मग पोरांची शाळा. मग मोठ्या ललितची बायको कामिनी आली, नातू झाला. दुकानावर येणारे-जाणारे वेगळेच, त्यांचा चहा वरूनच जाणार. नवरा-बायको म्हणून ही दोघं कुठे निवांत बसली आहेत, असं कधी झालंच नाही. बोलायचं ते ताट वाढताना. नाहीतर दिवा मालवल्यावर, हळू आवाजात, पलीकडे कोणी जागं तर नाही ना याचा अंदाज घेत. भाईदासला यात काही कमी वाटलं नव्हतं. तिला वाटलं का, हे त्याने विचारलं नव्हतं.

ललितने जळगावहून आईसाठी पांढरे बूट आणले. साडीवर बूट घालून ती घरातल्या घरात चालून पाहायची, तेव्हा नातू हसून लोळायचा. दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी झाली. निघायच्या दिवशी तिने कामिनीचा छोटा थर्मास मागितला.

"आई, जहाजात चहा फुकट असतो. पाहिजे तेवढा."

"असू दे. आपला आपण करून घेऊन बसलेलं बरं."

कुठे बसलेलं, ते कामिनीने विचारलं नाही.

मुंबईला जहाज पाहिलं आणि सगळ्या डीलरांची तोंडं उघडीच राहिली. रावेर, यावल, चोपडा, सगळीकडचे लोक, डोक्यावर कंपनीच्या एकसारख्या टोप्या. आत गेलं तर लिफ्ट काय, काचेचे जिने काय, गालिचे काय. लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना सारखीच दारं. कंपनीच्या पोराने खोल्यांची कार्डं वाटायला घेतली आणि गोंधळ सुरू झाला. कोणाला कोणाच्या शेजारी पाहिजे. कोणाला भावजयीसमोरची खोली नको. रतिलाल सगळ्यांत मोठा डीलर आणि भाईदासचा जुना दोस्त. तो त्या बोळातून मोठ्याने ओरडला, "अरे, आपल्याकडे भाईदासभाऊ असताना हे पोरगं कशाले मरू राह्यलं? भाऊ, जानोसा तुमच्याकडे!"

सगळे हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या. भाईदासने टोपी सारखी केली आणि कार्डं हातात घेतली.

मग काय. घटकाभरात त्याने सगळं लावून टाकलं. बाल्कनीवाल्या खोल्या माणसांना, कारण माणसं पत्ते खेळणार, तंबाखू खाणार, त्यांना हवा पाहिजे. आतल्या बिनखिडकीच्या खोल्या बायांना, कारण बायांना पाणी बघून गरगरतं. हे त्याने कोणत्याही बाईला विचारलं नव्हतं. जहाजावरचा खोली साफ करणारा माणूस मध्ये येऊन म्हणाला, "सर, ये तो कपल रूम है."

"कपल-बिपल काही नाही. सब अपनेच लोग है," भाईदास म्हणाला.

शेवटी सुनंदाबाईच्या हातात त्याने कार्ड दिलं. "तू मंजुळावहिनीसंगं राह्य. रतिलालची बायको बसमधीच ओकाऱ्या करत आली. तू असली की मले काळजी नाही."

तिने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "अन् तुम्ही?"

"आम्ही समदे वर. माझ्याच खोलीत बैठक ठेवली."

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' त्याने ऐकलं. आजवर ऐकत आला होता, तसंच ऐकलं.

बैठक तर काय विचारता. डाव संपेचना. कोणी झोपायला उठेना, बाल्कनीचं दार उघडं, समुद्राचा आवाज आणि रतिलालचा आवाज, दोन्ही सारखेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. भाईदास हातात पत्ते घेऊनच उठला. दारात सुनंदाबाई. नवी निळी साडी, पायात ते पांढरे बूट, हातात थर्मास आणि दशम्यांचा डबा.

"खोलीत पाणी तापवायचं यंत्र हाये. चहा करून आणला. घरची पत्ती हाये, आलं टाकून."

"अरे वा! आण!" त्याने थर्मास घेतला आणि मागे वळून ओरडला, "रतिलाल! घरचा चहा आला!"

ती त्याच्या खांद्यावरून आत बघत होती. बाल्कनीत ऊन उतरलं होतं. एका खुर्चीवर रतिलालचं ओलं बनियन आणि टॉवेल. दुसरीवर फरसाणची पिशवी आणि कोणाचे तरी मोजे. थोडा वेळ ती उभी राहिली. मग म्हणाली, "मंजुळाबाई एकटी हाये," आणि बोळातून निघून गेली. थर्मास इकडे कागदी कपांत रिकामा झाला. चहा झकास होता, असं सगळे म्हणाले.

घरी आल्यावर भाईदासने जहाजाच्या गोष्टी सांगून सांगून दुकानात गर्दी जमवली. असेच काही दिवस गेले, आणि एका दुपारी जहाजाच्या कंपनीतून फोन आला. मुलगी मराठी बोलणारी. म्हणाली, सर, आमच्या जहाजावर काय सुधारणा व्हायला पाहिजे, ते प्रवाशांना विचारतोय. दोन मिनिटं आहेत का?

दोन मिनिटं! भाईदासने फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. जीवराम होता, आणखी तिघं-चौघं होते. सगळे सरकून बसले.

"लिहून घ्या मॅडम. पहिलं, चहाचा कप. डोळ्यात औषध टाकल्यासारखा चहा देता तुम्ही."

"बरं सर."

"दुसरं, ती थंडी. आमच्याकडे केळी पिकवायच्या खोल्या असतात ना, तशी. जहाजात माणसं बसवता का केळी?"

दुकान हसलं. भाईदासला चेव आला.

"तिसरं म्हणजे, सांगू का नको, पण संडासात पाणी ठेवा हो. कागद! आम्ही शेतकरी माणसं. कागदाचा अन् आमचा संबंध सातबाऱ्यापुरता."

आता मुलगीही हसत होती. "आणि रूमबद्दल काही?"

"रूम एक नंबर. पण मोठ्या करा. हॉलसारख्या. म्हणजे बाया एकीकडे, माणसं एकीकडे, मस्त गाद्या टाकून. मी येऊन लावून देतो पाहिजे तर."

"नोंदवते सर. आणि मॅडम आहेत का? दोघांचं मत घ्यायचं असतं."

सुनंदाबाई तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन उतरत होती. "ऐकलं का, तुलेच विचारू राह्यले," भाईदास म्हणाला. तिने ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि काउंटरपासून थोडी लांबच उभी राहिली.

"नमस्कार मॅडम. जेवण कसं वाटलं?"

"चांगलं होतं."

"आमचा स्टाफ?"

"चांगली पोरं होती. घरापासून लांब राहतात बिचारी."

"आणि रूम? तुमच्या नावावर बाल्कनीची रूम दिसतेय. बसलात का बाल्कनीत?"

भाईदासचा हात चहाच्या कपाकडे गेला होता, तो तिथेच राहिला. त्याला वाटलं आता ही सांगणार. सगळ्यांसमोर. आणि सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं.

"बसलो ना," सुनंदाबाई म्हणाली. "संध्याकाळी बसायचो. काचेचं दार लोटून घेतलं की आतलं काही ऐकू येत नाही. समोर नुसतं पाणी. चहा करून न्यायचे मी थर्मासमध्ये."

"अरे वा! किती छान! मग काही सुधारणा?"

ती विचार करत होती. खरोखरचा विचार.

"खुर्च्या दोनच ठेवत जा," ती म्हणाली. "लोक मागतील तुमच्याकडे, की जास्त ठेवा, मोठं करा. पण देऊ नका. दोनच बऱ्या."

फोन बंद झाला. ती रिकामा ट्रे घेऊन वर गेली. "वहिनीनं मजा केली बुवा," जीवराम म्हणाला. भाईदासच्या डोळ्यांसमोर मात्र ओलं बनियन आलं. ते त्याने तेव्हाही पाहिलं होतं, पण ती काय बघतेय हे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने दुकान ललितवर सोडलं आणि दोन खुर्च्या उचलून गच्चीवर नेल्या. सातपुड्याच्या दिशेला तोंड करून ठेवल्या. केळीचे बाग पार डोंगरापर्यंत, हिरवेगार. पाणी नाही, पण वाऱ्याने पानं हलली की थोडं तसं वाटतं. मग जिन्यातून हाक दिली, "ऐकलं का, जरा वर ये."

"काय झालं? टाकी भरली का?"

"टाकी नाही. तू ये. अन् तो थर्मास घेऊन ये."

ती थर्मास आणि दोन कप घेऊन आली. खुर्च्या पाहिल्या. बसली, खुर्चीच्या अगदी टोकाला, केव्हाही उठता येईल अशी. त्याने चहा ओतला. तिला आधी दिला. तिने कप हातात धरला आणि डोंगराकडे बघत राहिली.

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. जानोशात हजार माणसांशी बोलणारा माणूस. शेवटी म्हणाला एवढंच, "पुढच्या वर्षी पुन्हा टार्गेट करू."

"पुढच्या वर्षी जहाज नाही. ललित सांगे, मिक्सर देणार हायेत."

"मग आपलं आपण जाऊ. आपल्या पैशानं. दोघंच."

ती हसली. कडू नाही, साधंच हसली. "तठी कोणी वळखीचं भेटलं म्हणजे? किल्ल्या तुमच्याच हातात येतीन."

त्याने मान खाली घातली. तिने चहाचा घोट घेतला, आणि पहिल्यांदाच जरा मागे सरकून पाठ टेकली. भाईदासने ते पाहिलं. हललासुद्धा नाही तो.

आणि खालून हाक आली.

"भाईदासभाऊ! ओ भाऊ! गच्चीवर हायेत का?"

रतिलाल. एरवी भाईदासचं तोंड आपोआप उघडलं असतं, ये ये, वर ये. या वेळी त्याने ओठ घट्ट मिटले. हाक दुसऱ्यांदा आली. सुनंदाबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"ओ द्या ना."

त्याने मान हलवली. नाही. तिला बोटाने खुणावलं, गप्प बस. तिच्या डोळ्यांत एक क्षण काहीतरी चमकलं, लहान पोरगी लपून बसल्यावर चमकतं तसं. पण क्षणभरच.

"बरं दिसत नाही," ती हळूच म्हणाली. "दारातला माणूस." आणि पदर सारखा करून, जिन्याकडे तोंड करून तिनेच आवाज दिला, "या भाऊ, वरच हायेत!"

उठलीच ती. त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण रतिलालची पावलं जिन्यावर आली होती, आणि एवढ्या वर्षांत कोणासमोर त्याने तिचा हात धरला नव्हता. तो हात थर्मासवर जाऊन थांबला.

"वा वा, काय हवा हाये!" रतिलाल तिच्या खुर्चीत धपकन बसला. "जहाजाची आठवण आली राव. वहिनी, तुम्ही कुठं चालल्या? अजून एक खुर्ची मागवा ना वर, तिघं बसू!"

"नको," भाईदास म्हणाला. एवढ्या जोरात, की रतिलाल त्याच्याकडे बघतच राहिला.

"बसा तुम्ही," सुनंदाबाई म्हणाली. "थर्मासातला गार झाला असंन. मी गरम करून आणते."

तिने थर्मास त्याच्या हाताखालून काढून घेतला. कठड्यावर तिचा कप तसाच राहिला होता, अर्धा भरलेला. रतिलालने कुठल्याशा लग्नाचं सांगायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात आहे, वऱ्हाड मोठं आहे, जानोसा भाऊंशिवाय कोणाला जमायचा नाही. भाईदास त्या कपाकडे बघत, जिन्यावरून खाली जाणारी तिची पावलं ऐकत बसला.