स्मारकाची उजवी बाजू

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सकाळच्या एस.टी.ने अर्धा गाव देवरूखला उतरेल आणि माझ्या स्टुडिओची काच फोडायचा पहिला मान कोणाचा, यावरून रस्त्यातच भांडत बसेल. काच वाचेल म्हणा, पण माझं डोकं जाईल.

चौऱ्याऐंशी सालचा दसरा. गावाच्या मुंबईतल्या मंडळाची स्मरणिका निघायची होती, आणि तिच्या मुखपृष्ठावर गावचं युद्धस्मारक झळकवायचं असं परळच्या कुठल्याशा खोलीत ठरलं होतं. स्मारक म्हणजे शाळेपुढे जांभ्याचा चौथरा, त्यावर उभा दगड, दगडात बसवलेली संगमरवराची पाटी आणि पाटीवर दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं. वर्षभर त्या चौथऱ्यावर शेळ्या चढायच्या. पण फोटो निघणार म्हटल्यावर दगडाला काय ते मोठेपण आलं! चुना काय, झेंडूचं तोरण काय, विचारू नका.

"दत्ताराम, एकच फोटो, पण झकास," असा निरोप होता. म्हणून मी कॅमेऱ्यात एक रोल घालून गेलो. एका फोटोला माणसाने आणखी किती शहाणं असावं?

पोचलो तेव्हा चौथऱ्याजवळ राहीबाई नावाची एक म्हातारी एकटीच बसली होती. डोक्यावर पदर, ओंजळीत आपट्याची पानं.

"तुमीच काय फोटूवाले? माजा एक काम हाय," ती म्हणाली. "ह्यो सगळा आटपला की त्या पाटीचा एक फोटू माला काडून द्या. नाव दिसला पायजे."

"कोणाचं नाव?"

आता नवऱ्याचं नाव बाई तोंडाने घेते होय! ती उठली आणि पाटीवरच्या एका ओळीवर तिने बोट ठेवलं. मी वाचलं, 'भागोजी'. लग्न झालं आणि तो पलटणीत गेला. ब्रह्मदेशातून आली ती फक्त बातमी. तेव्हा रघू पोटात होता. भागोजीचा फोटो कधी निघालाच नव्हता. दर दसऱ्याला राहीबाई पहिलं सोनं या दगडापुढे ठेवायची, मग बाकीच्या गावाला वाटायची. आता रघू तिला कायमची मुंबईला नेणार होता, दुसऱ्याच दिवशी. घराला कुलूप.

"तितं दसऱ्याला सोना कुनाफुडं ठेवू?" ती म्हणाली. "फोटू आसला तर तेच्याफुडं ठेवीन. नातू नाव वाचून दावील."

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "काढतो, बाई. आधी गावाचं होऊ दे." गाव म्हणजे काय चीज आहे, ते मला अजून कळायचं होतं.

गाव आलं. पुढे वरच्या वाडीचे दाजी, फेटा बांधून. मागून खालच्या वाडीचे रावजी, त्याहून मोठा फेटा बांधून. दोघेही देवळाचे मानकरी. शिमग्याला पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून दोघांचा वर्षानुवर्षं कोर्टात दावा चाललेला. लढाईचा म्हणाल तर दोघांना अनुभव तेवढाच.

दाजी सरळ दगडाच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले.

"उजवी बाजू खालच्या वाडीची," रावजी म्हणाले.

"पालखीत असेल. स्मारकात नाही."

"देवाला जो मान, तोच दगडाला!"

झालं! मी म्हटलं, अहो, मंडळाला फोटो दगडाचा हवाय, तुम्ही दोघे जरा बाजूला व्हा. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी लग्नात नवऱ्यामुलालाच मांडवाबाहेर जायला सांगितलंय. मग तोडगा निघाला: आधी दोघांचे स्वतंत्र फोटो. दाजींचा नारळ फोडताना. मग रावजींचा नारळ फोडताना. दाजींचा नारळ कुजका निघाला म्हणून परत दाजींचा. मग दाजींचे दोन झाले म्हणून परत रावजींचा. मग दोन्ही वाड्यांचा एकत्र, त्यात "घ्या!" म्हणताच कोणीतरी कोणाला तरी ढकललं आणि माझ्या कॅमेऱ्यात नुसत्या पाठी आल्या. तो परत. तो परत परत. दर फोटोत दगडापुढे कोणी ना कोणी फेटा घेऊन उभा. पाटीवरचं एक अक्षर दिसेल तर शपथ! मी ओरडत होतो, रोल संपत आला, रोल संपत आला. पण मान या विषयापुढे रोल म्हणजे कोण लागून गेला?

कॅमेऱ्यात शेवटचा एक फोटो उरला तेव्हा मी हात वर केले. "आता एकच निघेल. ठरवा आणि सांगा."

दाजी म्हणाले, "मग देवालाच विचारू. कौल लावू."

यावर मात्र दोन्ही वाड्यांचं लगेच एकमत झालं. काशीराम गुरवाला पुढे घालून सगळं गाव देवळाकडे निघालं. आता देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवीकडची पडते की डावीकडची याची वाट बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि आश्विनातलं ते ऊन डोंगराआड उतरायला लागलेलं! देवाला घाई नव्हती, गावाला नव्हती. घाई फक्त मला आणि सूर्याला.

शाळेपुढे शुकशुकाट झाला. खाली पिवळं पडलेलं भात, वर स्वच्छ आभाळ, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्या दगडापुढे एकही फेटा नाही. राहीबाई आपली होती तिथेच.

"र्‍हायला काय हो एक?" तिने विचारलं.

"राहिलाय. पण तो गावाचा..."

तिने मान खाली घातली आणि हातातली पानं सारखी करत राहिली. तेव्हा मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गावाचा! गेला उडत गाव!

"उठा, बाई. आणि नुसत्या पाटीचा नाही काढत. तुम्ही पण उभ्या राहा."

"मी? ह्यां!" ती हसली, पदर तोंडात धरला, मग पदर सारखा केला. "खंच्या बाजूला हुबी र्‍हाऊ?"

"नवऱ्याच्या डाव्या हाताला. आमच्या स्टुडिओत जोडपी तशीच उभी राहतात."

ती दगडाला खेटून उभी राहिली. पानं पायथ्याशी ठेवली. मी कॅमेऱ्यात डोळा घातला, "हसा थोडं" म्हटलं, बटण दाबायला आणि तिने हात उचलून पाटीवर ठेवायला एकच गाठ पडली. नेमका त्या ओळीवर. अख्ख्या पाटीवर दुसरी जागा नव्हती काय हो? ज्या नावासाठी एवढा उपद्व्याप, ते नाव तळहाताखाली गायब! रोल संपला, आणि मी कपाळाला हात लावून बसलो.

तेवढ्यात गाव परत आलं. देवाने दाजींना डावा दिला होता आणि रावजींनाही डावाच.

"आता आम्ही दोघे मधे उभे राहतो," दाजी म्हणाले. "घे."

"रोल संपला."

"शेवटचा कोणाचा काढलास?"

"भागोजीचा."

दाजींनी रावजींकडे बघितलं, रावजींनी दाजींकडे. मग रावजींनी विचारलं, "कोण भागोजी? कुठल्या वाडीतला?"

अहाहा! मी पाटीकडे बोट दाखवलं, कॅमेरा पिशवीत टाकला आणि एस.टी. गाठली. वळून बघितलं तर दोघे मानकरी वाकून पाटी वाचत होते. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबईची गाडी पकडायला रघू आईला घेऊन देवरूखला आला. सोबत ट्रंक आणि तांदळाचं बोचकं. मी प्रिंट पुढे केली आणि नजर दुसरीकडे वळवली.

रघू उखडलाच. "अहो, नाव कुठाय? हाताने झाकलंय सगळं! एका नावासाठी काढायला सांगितला, तेच नाही दिसत!"

बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, "चूक झाली. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा नुसत्या पाटीचा काढून पोस्टाने पाठवतो."

राहीबाईने प्रिंट माझ्या टेबलावरून उचलली, पदराने पुसली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"नुको दुसरा," ती म्हणाली. "हाताखाली कोन हाय, ता माला ठावं हाय."

मग तिने फोटो ट्रंकेत नाही ठेवला. पदराआड धरला आणि रघूच्या मागून गाडीकडे गेली.